ओळख चुकली की पक्षी हरवतो : रानपिंगळ्याची १२५ वर्षे

(थ्रेड)

१/
२५ नोव्हेंबर १९९७. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या विरळ जंगलात तीन अमेरिकी पक्षीनिरीक्षक उभे होते. समोरच्या निष्पर्ण झाडावर, भर सकाळच्या उन्हात, मैनेएवढे एक घुबड बसले होते. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. छाती गडद तपकिरी, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पाय पिसांनी भरलेले. हा पक्षी १८८४ नंतर कोणीही खात्रीने पाहिलेला नव्हता. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला होता.

२/
हा योगायोग नव्हता. त्या तिघांपैकी पामेला रासमुसेन या संशोधिका दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या एका सचित्र ओळख-पुस्तकावर काम करत होत्या. पुस्तकात रानपिंगळ्यासाठी मजकूर आणि चित्र हवे होते. त्यासाठी जुने पुरावे तपासणे भाग पडले. त्या तपासणीत एक लबाडी उघडकीस आली आणि तिच्यामुळेच शहाद्याची वाट सापडली. हा थ्रेड त्या पक्ष्याचा आहे, आणि पक्षी ओळखायला शिकवणाऱ्या पुस्तकांचाही.

३/
आरंभ १८७२ च्या डिसेंबरमध्ये होतो. आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट या अधिकाऱ्याने एक लहान घुबड मारले आणि त्याचे कातडे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पोहोचले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. राजकारणात येण्यापूर्वी भारतीय पक्षिशास्त्रात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक ते स्वतः चालवत. १८७३ साली त्यात त्यांनी या घुबडाचे वर्णन छापले आणि ब्लेविटचे नाव त्याला कायमचे चिकटले.

४/
त्या काळी पक्ष्याचा अभ्यास बंदुकीशिवाय होत नसे. पक्षी मारायचा, कातडे काढून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव. ग्रंथांतील वर्णनेही अशा मृत नमुन्यांवरून लिहिलेली असत. पंखाची लांबी, चोचीचे माप, पिसांचा क्रम या खुणा हातातल्या पक्ष्यावर पडताळता येत, झाडावरच्या पक्ष्यावर नव्हे. ह्यूम यांनी १८८५ साली ब्रिटिश संग्रहालयाला दिलेल्या संग्रहात कातडी आणि अंडी मिळून ८०,००० हून अधिक नमुने होते.

५/
चित्रांची परंपराही याच काळातील. थॉमस जेर्डन या लष्करी वैद्याने १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून ५० चित्रपट्टांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी मूळ चित्रे काढणारे हात भारतीय चित्रकारांचे होते. ग्रंथावर नाव जेर्डनचे राहिले. असे ग्रंथ देखणे होते, पण महागडे, मोठ्या आकाराचे आणि मोजक्या लोकांसाठी छापलेले. ते दिवाणखान्यात शोभत. रानात नेण्यासाठी ते नव्हतेच.

६/
रानपिंगळ्याचे बाकीचे नमुनेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले. व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला १८७७ साली आजच्या ओडिशातील खरियारजवळ एक मिळाला. त्यानंतर १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदे-शहादे परिसरात, आणखी काही मिळवले. साऱ्या जगातील अस्सल नमुन्यांची संख्या सातवर थांबली. १८८४ नंतर नोंदींचे पान कोरे राहिले.

७/
नेमक्या याच सुमारास मुंबईत एक वेगळी सुरुवात होत होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. त्यांत दोन भारतीय होते : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि औषधी वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंच्या खटल्यामुळे इतिहासप्रेमींना परिचित असलेले त्यांचे सावत्र वडील ते हेच. १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. निसर्गाचा अभ्यास हळूहळू साहेबांच्या शिकारखान्यातून बाहेर पडू लागला.

८/
१९०८ साली गिरगावच्या खेतवाडीत वाढलेला एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने पडलेली चिमणी घेऊन या संस्थेत आला. चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. संस्थेचे तेव्हाचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला संग्रहातील भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. मुलाचे नाव सालिम अली. एका पक्ष्याचे नाव कळण्यासाठी तेव्हा पक्षी मारावा लागे, संस्था गाठावी लागे आणि कप्पे उघडणारा साहेबही भेटावा लागे. ही तिहेरी अट पुढे त्याच मुलाच्या पुस्तकाने मोडून काढली.

९/
१९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे खिशात मावणारे पक्षी-पुस्तक निघाले. चित्रातील पक्ष्यावर लहान बाण होते आणि प्रत्येक बाण एका खुणेकडे बोट दाखवत होता. अमुक पट्टा दिसला तर हा पक्षी, नाही तर तो. दुर्बीण हाती असलेल्या माणसाला आता बंदुकीची गरज उरली नाही. वर्णनाचा केंद्रबिंदू मृत नमुन्यावरून जिवंत पक्ष्याकडे सरकला.

१०/
भारतात हे काम १९४१ साली झाले. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ त्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रसिद्ध केले. रंगीत चित्र, आकार, ओळखीच्या खुणा, आढळ, सवयी, घरटे अशी त्याची मांडणी होती. आकार सांगण्याची रीत तर अगदी घरगुती. इंचांच्या आधी तुलना : चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. फूटपट्टी कोणाजवळ नसते, पण मैना सर्वांनी पाहिलेली असते.

११/
अशा पुस्तकाचा संरक्षणाशी संबंध सरळ आहे. जंगल वाचवा, असे मोघम म्हणणारी तक्रार सहज दुर्लक्षिता येते. अमुक तळ्यावर अमुक पक्षी अमुक महिन्यात इतक्या संख्येने होता आणि आता नाही, हे सांगणारी नोंद टाळणे अवघड जाते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही अनुसूचींवर उभा आहे आणि अनुसूची म्हणजे नावांची यादी. ज्याला नाव नाही, त्याला कलम लागू होत नाही. ज्याची ओळख पटत नाही, त्याच्यासाठी कलम असूनही उपयोग नाही.

१२/
रानपिंगळ्याची अडचण याच ठिकाणी होती. त्याचा जवळचा नातलग म्हणजे साधा पिंगळा. मराठी माणसाला तो परका नाही. गावातल्या जुन्या वडावर, पडक्या भिंतीच्या भोकात तो राहतो. पहाटे कुडमुडे वाजवत येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशाचे नावही त्याच पक्ष्याशी जोडलेले. दोघे आकाराने सारखे, रंग तपकिरी-पांढरा. त्यात रानपिंगळ्याचे इंग्रजी नाव बराच काळ ‘रानातला ठिपकेदार पिंगळा’ अशा अर्थाचे होते. प्रत्यक्षात माथ्यावर ठिपके जवळजवळ नसणे हीच त्याची मोठी खूण. नावानेच वाट चुकवली होती.

१३/
स्वातंत्र्यानंतर शोध झाले नाहीत असे नाही. सालिम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव डिलन रिप्ली या दोघांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण केला. रानपिंगळा दोघांनाही अस्वस्थ करत राहिला. रिप्ली यांनी १९७६ साली त्याच्यावर लेख लिहिला. सालिम अली यांनी १९७८ साली ‘हॉर्नबिल’मधील गूढ पक्ष्यांच्या लेखमालेत त्याला स्थान दिले. १९६८ साली टिपलेले एक छायाचित्र रानपिंगळ्याचे म्हणून पुढे आले. पुढे बारकाईने पाहता तो साधा पिंगळा ठरला.

१४/
म्हणजे देशातील जाणकारांचीही नजर फसत होती. याचे कारण त्यांच्या क्षमतेत शोधता येत नाही. सात जुनी कातडी परदेशी संग्रहालयांत विखुरलेली होती आणि दोन पिंगळ्यांमधील फरकाच्या खुणा कोणी शेजारी-शेजारी ठेवून नेमकेपणाने मांडलेल्या नव्हत्या. सालिम अली १९८७ साली गेले. रानपिंगळा पुन्हा सापडलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१५/
आता त्या लबाडीकडे. पुस्तकांत रानपिंगळ्याची शेवटची नोंद १८८४ ची नव्हती, १९१४ ची होती. ठिकाण तापीकाठचे मांडवी, गुजरात. नमुना मिळवणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन. पहिल्या महायुद्धातील पॅलेस्टाइन आघाडीवरील त्यांच्या हेरगिरीच्या कथा प्रसिद्ध होत्या आणि पक्षितज्ज्ञ म्हणून त्यांचा मोठा दबदबा होता. १९५४ साली त्यांचा सुमारे २०,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला मिळाला. मांडवीचा रानपिंगळा त्यातलाच. एवढ्या मोठ्या नावावर अविश्वास कोण दाखवणार?

१६/
१९९३ साली अ‍ॅलन नॉक्स यांनी माइनर्ट्‌झहागन यांच्या काही नमुन्यांबद्दल उघड शंका मांडली. दक्षिण आशियाच्या ओळख-पुस्तकाचे काम रिप्ली यांनीच सुरू केले होते. त्यांच्या आजारपणामुळे ते रासमुसेन यांच्याकडे आले. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याची कातडी एकेक करून तपासली. क्ष-किरण चित्रे काढली. मांडवीच्या पक्ष्याला नव्याने भरल्याच्या खुणा होत्या, पण आतली मूळ बांधणी डेव्हिडसनच्या हाताची होती.

१७/
निष्कर्ष स्पष्ट होता. तो पक्षी १९१४ चा नव्हता, मांडवीचाही नव्हता. डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून परत ठेवला गेला होता. ‘आयबिस’ या नियतकालिकात १९९९ साली हे सारे पुराव्यांसह प्रसिद्ध झाले. एका खोट्या चिठ्ठीने नकाशावर चुकीचा ठिपका उमटवला होता. जिथून तो पक्षी कधी मिळालाच नव्हता, ते ठिकाण त्याचा अखेरचा पत्ता म्हणून पुस्तकांत नोंदले गेले होते.

१८/
मराठी इतिहासाच्या वाचकाला ही पद्धत ओळखीची वाटेल. बखरीतील मजकूर कितीही रसाळ असला तरी अस्सल पत्राशी ताडून पाहिल्याशिवाय तो स्वीकारू नये, असा आग्रह राजवाडे यांनी धरला. कागद कोणाच्या हातचा, शाई कोणती, तारीख जुळते का, हे प्रश्न येथेही तसेच होते. फक्त कागदाच्या जागी कातडे आणि शाईच्या जागी कापूस. साधनाची चिकित्सा झाली तेव्हा मांडवी नकाशावरून पुसले गेले आणि ज्या ठिकाणांचे पुरावे अस्सल होते तीच उरली.

१९/
नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. प्रथम पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. तेथे काहीच मिळाले नाही. मग डेव्हिडसनच्या चिठ्ठ्यांवरचे खानदेश. तेथे २५ तारखेला किंग यांची नजर त्या झाडावर गेली. खुणा एकेक करून पडताळल्या गेल्या. छायाचित्रे आणि चित्रफीत घेण्यात आली. १८७२ साली या पक्ष्याचे अस्तित्व सिद्ध करण्यासाठी त्याला मारावे लागले होते. १९९७ साली ते सिद्ध झाले आणि पक्षी झाडावरच राहिला.

२०/
त्यानंतर चित्र पालटले. ओळखीच्या खुणा प्रसिद्ध झाल्या, फोटो उपलब्ध झाले आणि काय पाहायचे हे लोकांना कळले. भारतीय संशोधकांनी पुढील काही वर्षांत तोरणमाळ आणि मेळघाटसह सातपुड्यातील पट्ट्यात पाहण्या केल्या आणि पक्षी सापडत गेला. मध्य प्रदेशातील खंडव्याकडेही तो मिळाला. २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात, सातपुड्यापासून कितीतरी दूर, एका पक्षीनिरीक्षकाला तो दिसला. तो काही काल-परवा तेथे राहायला आला नसावा. ओळखणारी नजर मात्र नव्याने आली होती.

२१/
२००५ साली ‘बर्ड्स ऑफ साउथ एशिया’ हे रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचे पुस्तक दोन खंडांत निघाले. एका खंडात चित्रे आणि खुणा, दुसऱ्यात तपशील आणि नोंदींची छाननी. रानपिंगळा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जागतिक यादीत तो २०१८ पर्यंत ‘अतिसंकटग्रस्त’ होता, नंतर ‘संकटग्रस्त’ ठरला. हा बदल सुटकेचा नि:श्वास टाकण्यासारखा नाही. नवी ठिकाणे कळली म्हणून श्रेणी बदलली. त्याच्या घरट्यासाठी लागणारी ढोलीची जुनी झाडे, ती ज्यात उभी आहेत ते शुष्क पानगळीचे जंगल आणि घुबडाभोवतीच्या अंधश्रद्धा, हे प्रश्न होते तेथेच आहेत.

२२/
या कथेत एक जागा रिकामी राहते. १८८४ ते १९९७ या काळात सातपुड्यात भिल्ल, पावरा आणि कोरकू लोक राहतच होते. जो पक्षी उन्हात उघड्या झाडावर बसतो, तो त्यांच्या दृष्टीस कधीच पडला नसेल, हे संभवत नाही. ‘११३ वर्षे कोणी पाहिला नाही’ या वाक्यातील ‘कोणी’ म्हणजे ज्यांच्या पाहण्याची नोंद छापली जाते ते. पुस्तके इंग्रजीत, नमुने लंडनमध्ये आणि पक्षी तोरणमाळच्या डोंगरात, अशी ही फारकत होती.

२३/
ही फारकत मिटली की काय घडते, याचे उदाहरण आंध्रातील आहे. जेर्डनच्याच नावाचा एक धावरा पक्षी १९०० नंतर दिसेनासा झाला आणि नामशेष समजला गेला. १९८६ च्या जानेवारीत कडप्पा जिल्ह्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांनी तो पुन्हा शोधला, तो स्थानिक पक्षी पकडणाऱ्यांच्या मदतीने. तेलुगूत त्याला ‘कलिवी कोडी’ असे नाव आहे. या शोधामुळे तेथे अभयारण्य झाले आणि तेलुगू गंगा कालव्याचा मार्ग बदलावा लागला. रानातल्या माणसाची ओळख आणि कागदावरची ओळख एकत्र आली, तेव्हा कालवा वळला.

२४/
मराठीत ही फट बुजवण्याचा मोठा प्रयत्न मारुती चितमपल्ली यांनी केला. वनखात्यातील नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथे वावरताना त्यांनी आदिवासींकडून पक्ष्यांची नावे आणि त्यांच्याविषयीचे ज्ञान टिपून घेतले. त्यांचा ‘पक्षीकोश’ त्या कष्टांतून उभा राहिला. प्रमाण मराठीत ज्या पक्ष्यांना नावच नव्हते, त्यांपैकी कित्येकांना त्या बोलींत कधीपासूनच नाव होते.

२५/
आज खिशातल्या फोनवर हजार पक्ष्यांची चित्रे मावतात आणि नोंद क्षणात जगभर पोहोचते. म्हणून मांडवीची गोष्ट विसरता येत नाही. दिखाव्यासाठी केलेली एक खोटी नोंद काही दशके टिकली आणि तिने एका दुर्मीळ पक्ष्याचा पत्ता बिघडवला. उलट डेव्हिडसनने खानदेशात प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिठ्ठ्या शंभर वर्षांनंतरही शोधणाऱ्यांना योग्य रानात घेऊन गेल्या. ठिकाण, तारीख आणि जे दिसले तेवढेच. ओळख पटली नसेल तर तसेच लिहून ठेवावे. पुढे येणाऱ्या कोणाला तरी तीच चिठ्ठी वाचून रानात जायचे असते.

(समाप्त)